आई बाकावर आहे

४ एप्रिल

प्रिय खांब,

"लहान मुलांचं तिथं काय काम?" असं बाबा म्हणाले होते आणि खिशात पास घालून एकटेच सामना बघायला निघून गेले होते. मी पंधराची, तू चारची. खरं तर मी लहान नव्हते. पण तू होतीस, तुला एकटीला ठेवता येत नव्हतं, म्हणून मीही त्या दिवशी लहान ठरले. दुपारभर मी रडले नाही, फक्त चिडले. मग गोल करायला एक खुर्ची ठेवली, दुसरी खुर्ची नव्हती, म्हणून तुला उभं केलं आणि सांगितलं, "तू खांब. हलायचं नाही." तू दोन मिनिटं खांब राहिलीस आणि मग चेंडू अडवायला लागलीस. तुझं नाव तेव्हापासूनचं आहे. गोलकीपर तू नंतर झालीस.

हे सगळं आज आठवलं, कारण तुझं पत्र आलं आणि त्यात तेच वाक्य होतं. शब्दाला शब्द. "ताई, लहान मुलांचं इथं काय काम?" एका 'इथं'चा फरक. तू हे बाबांकडून ऐकलेलं असणं शक्य नाही, ऐकलं असलंस तरी आठवत असणं शक्य नाही. म्हणजे असली वाक्यं रक्तातून येतात की काय कोण जाणे.

तर ऐक. मी तिकिटं काढली आहेत. तीन. तीन मेचा रविवार, तुमचा पहिला सामना. तुमच्या बाकाच्या बरोबर समोरची गॅलरी, सातवी रांग. खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, मुलं केवढी? म्हटलं, एक साडेसहा, एक चार. त्या म्हणाल्या, तीनच्या वरच्यांना सोडतात. म्हणजे नियमसुद्धा आपल्या बाजूनं आहे.

मनीला तुमच्या संघातल्या अठराही जणींचे नंबर पाठ आहेत. पाढे अजून नाहीत. बारक्याची काळजी तुला वाटते, ती मलाही वाटते. कुकरची शिट्टी झाली तरी तो कान झाकून टेबलाखाली जातो. म्हणून मी त्याला रोज संध्याकाळी बस डेपोच्या फाटकाशी नेते. पहिल्या दिवशी तो माझ्या मांडीला असा चिकटला की लोकांना वाटलं असेल मी लंगडते. काल त्यानं एका हातानं कान झाकला आणि दुसऱ्या हातानं ड्रायव्हरला टाटा केला. अजून महिना आहे.

तुझ्या सासूबाई परवा दुकानात आल्या होत्या. "एवढ्याशा लेकरांना त्या गोंगाटात नेणार? त्यांचा बाप बोटीवर, आई शिबिरात, आणि आता मावशीच्या डोक्यात हे." मी गणवेशांना काजं करत होते, मान वर केली नाही. म्हटलं, त्यांच्या बापानं बोटीवरून तीन अंगठे पाठवले आहेत, वर केलेले. त्या म्हणाल्या, तो लहानपणापासून कशालाही अंगठा दाखवतो.

तुमचे फोन काढून घेतात आणि रविवारची दहा मिनिटं मॅनेजरबाईंच्या समोर बोलायचं असतं, म्हणून हे सगळं लिहून कळवते आहे. फोनवर तू नुसतं "हं" म्हणतेस.

तुझी,
ताई

*

१० एप्रिल

ताई,

तुझी जिद्द मला नवीन नाही. पण तू स्टेडियम टीव्हीवर बघितलं आहेस आणि मी आतून. तेव्हा थोडं ऐकून घे.

दीड-दोन तास रांग. वर सावली नाही. फाटकावर पाण्याच्या बाटल्या काढून घेतात. बायकांचं स्वच्छतागृह गॅलरीच्या पार दुसऱ्या टोकाला, आणि बारक्याला कधी लागते ते तुला माहीत आहे, जेव्हा उठणं शक्य नसतं तेव्हा. लोक भोंगे आणतात. डेपोतला ड्रायव्हर एक भोंगा वाजवतो, इथं एका वेळी पाच हजार. बारक्या घाबरला तर तू काय करणार? मी मैदानावरून उठून येऊ शकत नाही. मला ते दिसेल आणि मी येऊ शकणार नाही, हे तुझ्या लक्षात येतं का?

मनी हरवली तर? ती हरवणार नाही, ती लोकांना हरवेल, ते वेगळं.

आणि येऊन बघणार काय? सध्या मी बाकावर आहे. एवढं काही नाही, होतं असं. मुलांना सांगू नकोस.

तिकिटं परत कर. सासूबाईंचं मी कधी नाही ते ऐकते आहे, तर तूही ऐक. माझी खोलीतली सोबतीण एकोणीस वर्षांची आहे, संघातली दुसरी गोलकीपर. सगळे तिला पोरगी म्हणतात. ती झोपेत बोलते. काल म्हणाली, "सोडू नका, सोडू नका." मी विचारलं, काय? तर म्हणाली, "कुकर." म्हणजे घरची आठवण मला एकटीलाच येते असं नाही. पण म्हणून कुणी घर उचलून स्टेडियमवर आणत नाही.

बारक्याचं नाक पुसताना उजवीकडून पूस, डावीकडून त्याला आवडत नाही.

खांब

*

१६ एप्रिल

खांब,

"मुलांना सांगू नकोस" असं लिहायचं होतं, तर ते पत्राच्या सुरुवातीला लिहायचं.

मनीला आता वाचता येतं. जोडाक्षरं अजून येत नाहीत, ती आली की ओलांडून पुढं जाते, आपण डबकं ओलांडतो तशी. मी इस्त्री करत होते, पत्र टेबलावर होतं, आणि माझ्या कोपराशी उभं राहून तिनं मोठ्यानं वाचलं, "मी बाकावर आहे." 'सध्या' तिनं ओलांडला होता.

मग तिनं मला विचारलं, "आईनं काय केलं?"

मला आधी समजलंच नाही. मग उजेड पडला. गेल्या महिन्यात शेजारणीशी बोलली म्हणून तिच्या बाईंनी तिला अख्खा तास बाकावर उभं केलं होतं. वर्गातल्या सगळ्यांच्या समोर, दोन्ही हात खाली सरळ. ती घरी येऊन कुणाशी बोलली नव्हती. तिच्या जगात बाकावर असण्याचा दुसरा अर्थच नाही.

मी सांगितलं, अगं, खेळात बाकावर बसतात. ती म्हणाली, "बसतात? मग ती शिक्षा कसली?" मी म्हटलं, तेच तर. शिक्षा नाहीच. ती म्हणाली, "मग आईनं सांगू नकोस असं का लिहिलं?" ते वाक्यही तिनं वाचलं होतं. त्यात तिला अडणारं जोडाक्षर नव्हतं.

बारक्यानं एवढंच विचारलं, "आईचे पाय दुखतात?" आणि मग भोकाड पसरलं.

दुसऱ्या दिवशी मनीनं शाळेत जाऊन बाईंना विचारलं, जास्तीत जास्त किती दिवस बाकावर उभं करता येतं? बाईंनी मला बोलावून घेतलं. त्यांना वाटलं, मी तक्रार घेऊन येणार. मी म्हटलं, नाही हो, तिची आई बाकावर आहे. 

सोबत मनीची चिठ्ठी पाठवते आहे. तुमच्या सरांना द्यायला सांगितली आहे. मजकूर तिचा, शुद्धलेखन तिचं, मी हात लावलेला नाही. जोडाक्षर येऊ नये म्हणून शब्द शोधायला तिला दोन संध्याकाळी लागल्या.

"सर, आई चूकली असेल तर तिला आता खाली उतरवा. तिचे पाय दूखतात. ती घरी पण उभीच असते. मनी."

आता माझं. सहा वर्षं तू पहिली गोलकीपर आहेस. पोटात बारक्या होता ते वर्ष सोडून. 'होतं असं' हे तू लिहिलंस तेव्हा तुझ्या अक्षराचा कल बदलला आहे. मी कापड बेतणारी बाई आहे, तिरकं गेलेलं मला दिसतं. काय झालंय?

तिकिटं परत केलेली नाहीत. करणारही नाही.

ताई

*

२२ एप्रिल

ताई,

चिठ्ठी वाचून मी हसले, आणि मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसले.

मनी बरोबर आहे. ही शिक्षाच आहे. तू विचारलंस म्हणून सांगते, एकदाच.

मार्चमध्ये बारक्याला ताप होता ना, ते तीन दिवस. फोनची वेळ रविवारीच. मी मंगळवारी सरावाच्या आधी फोन मागितला. सर म्हणाले, ताई आहेत ना घरी? म्हटलं, आहे, म्हणूनच दोनच मिनिटं हवीत, तिला विचारते आणि येते. दिला नाही. त्या दिवशी सरावात माझ्या हातून एक साधा चेंडू सुटला. असा की बारक्यानंही अडवला असता. सरांनी शिट्टी वाजवून सगळ्यांना थांबवलं आणि सगळ्यांच्या समोर म्हणाले, "दोन मुलांची आई गोलात उभी केली की अर्धी इथं असते, अर्धी घरी."

मी गप्प बसायला हवं होतं. तू असतीस तर गप्प बसली असतीस का, हा प्रश्न मी स्वतःला विचारला, आणि तिथंच घोटाळा झाला.

मी म्हटलं, "सर, माझ्या घरी माझी ताई पूर्ण आहे, म्हणून मी इथं पूर्ण आहे. तुमच्या घरी कोण पूर्ण आहे म्हणून तुम्ही वर्षातले नऊ महिने इथं असता, ते एकदा विचारून बघा."

कुणी हसलं नाही. दुसऱ्या दिवशी फळ्यावर यादी लागली. पहिल्या नंबरावर पोरगी. ती बिचारी तेव्हापासून माझ्याशी बोलताना जमिनीकडे बघते. चूक तिची नाही, आणि ती चांगली आहे, हे जास्त त्रासाचं आहे. वाईट असती तर सोपं झालं असतं.

आता तुला कळलं असेल मी का नको म्हणते. मुलं गॅलरीत दिसली की सरांना बोट दाखवायला जागा मिळेल, बघा, आलं घर मैदानावर. आणि दुसरं, जे मी पहिल्या पत्रात लिहायला हवं होतं. मुलांनी मला बसलेलं बघायला मला नको आहे. अंगावर ते पिवळं जाळीचं जाकीट, आणि नव्वद मिनिटं टाळ्या वाजवणं. मनी जन्मल्यापासून तिला सांगत आले, आई गोल अडवते. एवढ्या लांबून येऊन ती काय बघणार? आई पाणी पिते.

चिठ्ठी मी सरांना देणार नव्हते. पोरगीनं ती माझ्या उशीखालून काढून वाचली आणि कपडे बदलायच्या खोलीत भिंतीवर चिकटवली. सर आले, हात मागं बांधून वाचली. खिशातून लाल पेन काढलं, 'चूकली'चा दीर्घ ऊकार ऱ्हस्व केला, 'दूखतात'चाही केला, आणि निघून गेले. आधी ते शाळेत खेळाचे शिक्षक होते, ते जात नाही अंगातून. चिठ्ठी अजून भिंतीवर आहे. काढायला सांगितली नाही, ठेवायलाही सांगितली नाही.

ताई, येऊ नकोस. आलीस तर मी वर बघणार नाही. हे मी रागानं लिहीत नाही.

खांब

*

२६ एप्रिल

खांब,

येतो आहोत.

तुला वर बघायचं नसेल तर बघू नकोस. आम्ही खाली बघू.

तुझा मुद्दा मी दोन दिवस डोक्यात फिरवला. मुलांनी तुला बसलेलं बघू नये. का? मी दिवसाचे दहा तास मशीनवर बसलेली त्यांना चालते. त्यांचा बाप वर्षातून दोन महिने दिसतो तेही चालतं. आणि तू उत्तर देऊन बसलेली आहेस, ते तेवढं चालणार नाही? खरं सांगू, मला वाटलं होतं तुझ्या खांद्याचं काही दुखणं आहे. रात्री झोप लागत नव्हती. हे कारण कळलं आणि मी गाढ झोपले.

सरांना बोट दाखवायचं असेल तर नीट दाखवता यावं म्हणून मी दोन्ही मुलांना भडक नारिंगी सदरे शिवले आहेत. एका शाळेच्या क्रीडादिनाचं कापड उरलं होतं, असल्या रंगाचं दुसरं कुणी काही शिवून घेत नाही. गर्दीत हरवणार नाहीत. बारक्याच्या टोपीला कानावर येतील असे दोन गुबगुबीत पट्टे लावलेत, आत तीन थर गोधडीचं कापड. घातली की तो "काय? काय?" करत घरभर फिरतो.

सासूबाईंना मी सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "तुला स्वतःची नाहीत म्हणून सुचतं हे." मी कात्री खाली ठेवली, म्हटलं, म्हणून तर सुचतं, मला दोन्ही हात मोकळे आहेत. मग त्यांनी बिस्किटांचे दोन पुडे आणून दिले. बोलणं तोडून टाकायची त्यांची ही पद्धत आहे, मला आवडते.

ताई

*

५ मे

खांब,

काल संध्याकाळी घरी पोचलो. मुलं अजून झोपली आहेत. तू मैदानावरून किती बघितलंस मला माहीत नाही, म्हणून वरचं सगळं लिहिते.

रांग दीड तास होती. तू बरोबर होतीस. पाण्याच्या बाटल्या काढून घेतल्या. बरोबर. सावली नव्हती. हेही. फाटकावरच्या माणसानं बारक्याची टोपी दाबून बघितली, त्याला वाटलं आत काही लपवलंय. बारक्या म्हणाला, "कान आहेत." माणसानं दाबणं थांबवलं.

भोंगे सुरू झाले तेव्हा मी बारक्याकडेच बघत होते. तो माझ्या कुशीत शिरला, थरथरला, आणि पाचएक मिनिटांनी टोपीचा एक पट्टा वर करून त्यानं बाहेरचं थोडं ऐकून बघितलं. परत खाली. परत वर. पाणी गरम आहे का बघायला आपण बोट बुडवतो, तसं. मध्यंतरापर्यंत टोपी माझ्या डोक्यावर होती आणि तो ओरडत होता.

चौतिसाव्या मिनिटाला त्याला लागली. यातही तू बरोबर. दोघांना घेऊन मी पार त्या टोकाला गेले, आणि आत असताना वरून असा आवाज आला की छताची माती पडली. आपला गोल. अख्ख्या सामन्यातला एकमेव गोल मी टिनचा दरवाजा धरून ऐकला, कारण कडी नव्हती.

मध्यंतरात तू बाहेर आलीस, पोरगीला सरावाचे चेंडू मारायला. मनी म्हणाली, "उतरली." मग खेळ सुरू झाला आणि तू परत जाऊन बसलीस.  मनीनं पायातली चप्पल काढली, जोडून ठेवली आणि आमच्या बाकावर चढून उभी राहिली. दोन्ही हात खाली सरळ.

मी म्हटलं, अगं, आई बसली आहे, उभी नाहीये. ती म्हणाली, "पाय दुखले म्हणून बसली असेल. मी तिच्या वाटणीची उभी राहते."

मागून एक गृहस्थ म्हणाले, "काकू, मुलीला खाली बसवा, काही दिसत नाही."

मी म्हटलं, "ती शिक्षेवर आहे. संपली की बसेल."

"काय केलं तिनं?"

"तिनं काही नाही. तिच्या आईनं उलट उत्तर दिलं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मनीकडे बघितलं. "आणि आई कुठाय?"

मी बोट दाखवलं. ते उठले आणि बायकोला घेऊन दोन जागा पलीकडे सरकले. जाताना बायको म्हणाली, "बरोबरच आहे तिचं." कुणाचं, ते मी विचारलं नाही.

मग पट्टेवाला आला. शिट्टी तोंडात ठेवूनच म्हणाला, बाकावर उभं राहायचं नाही. मी म्हटलं, मग काय करायचं? तो म्हणाला, बसायचं. खांब, मी चव्वेचाळीस वर्षांची आहे. उजवा गुडघा मशीनच्या पायडलनं गेला आहे. आयुष्यभर मी बसून काम केलंय आणि लोकांनी बस म्हटलं की बसलेय. मी बारक्याला काखेत घेतलं आणि मनीच्या शेजारी बाकावर चढले. पट्टेवाला म्हणाला, "बाई, तुम्ही पण?" मी म्हटलं, मी पण.

तेव्हा समोर तू उठलीस. पिवळं जाकीट घालून बाकावर चढलीस आणि उभी राहिलीस. हात खाली सरळ.

 आमच्या सातव्या रांगेत कुणीतरी हसलं, कुणी टाळ्या वाजवल्या, त्यांना कशासाठी ते माहीत नसावं. चौथा पंच धावत आला. तुमचे सर वळले. ते तुझ्यापाशी आले, काहीतरी बोलले, हात पुढं केला, आणि तू त्यांचा हात धरून खाली उतरलीस.

मनीनं मोठा श्वास सोडला. "सरांनी चिठ्ठी वाचली," म्हणाली, चप्पल घालून खाली बसली आणि बिस्किटं मागितली. उरलेला सामना तिनं बघितला नाही. तिचं काम झालं होतं.

पोरगी चांगली खेळली. शेवटच्या मिनिटाला तिनं तो कोपऱ्यातला चेंडू काढला, तेव्हा मी टाळ्या वाजवल्या आणि लगेच तुझ्याकडे बघितलं. तू माझ्याआधी उभी होतीस. या वेळी जमिनीवर.

नंतर आम्ही मागच्या फाटकाशी थांबलो. तुमची बस पडदे लावून निघून गेली. मनीनं विचारलं, "पडदे का लावतात?"  बारक्यानं प्रत्येक खिडकीला टाटा केला, एखादी तुझी असेल म्हणून.

सर तुला काय बोलले? मला वाटतं बरंच बोलले असतील. ओठ फार हलले नाहीत, पण कमी शब्दांत जास्त लागतं. माझ्यामुळे झालं असेल तर झालं. मला वाईट वाटत नाहीये, हेच जरा नवीन आहे.

ताई

*

१० मे

ताई,

मी वर बघणार नव्हते. राष्ट्रगीत संपायच्या आत बघितलं. असला नारिंगी रंग शिवतेस आणि वर म्हणतेस बघू नकोस.

मनी बाकावर चढली तेव्हा मला वाटलं, तिला नीट दिसत नसेल. मग तिचे हात दिसले. तसे सरळ हात कुणी सामना बघताना ठेवत नाही. मला एकदम कळलं ती काय करते आहे. माझी शिक्षा माझ्या साडेसहा वर्षांच्या मुलीनं मागून घेतली होती, एवढ्या हजारो लोकांत, आणि मी छपराखाली बसून पाणी पीत होते. नंतर तू चढलीस, त्या गुडघ्यानं. त्यानंतर बसून राहणं माझ्या हातात नव्हतं.

सर काय बोलले ते सांगते. दोनच वाक्यं. "उतर. अर्ज आलाय." चेहरा नेहमीसारखा लाकडी. आणि हात पुढं केला. मी आजपर्यंत त्यांचा हात कधी धरला नव्हता. खडूचा वास येतो, अजूनही.

पण पंचांनी नोंद केली आणि सोमवारी मॅनेजरबाईंनी कागद पुढं ठेवला. मैदानावर बालिशपणा केल्याबद्दल लेखी माफी. नाहीतर सतरा तारखेच्या सामन्याला अठरा जणींत माझं नाव नाही. मी म्हटलं, बाई, माझ्या घरी दोन बालं आहेत, बालिशपणा तर असणारच. त्यांना ते आवडलं नाही.

संध्याकाळी सर खोलीच्या दाराशी आले. आत आले नाहीत. म्हणाले, "दोन ओळी लिही. शुद्धलेखन मी बघतो." त्यांना मी हवी आहे, ताई. बाकावर का होईना. ते असं कधी म्हणणार नाहीत, म्हणून दोन ओळी म्हणाले. पोरगी म्हणाली, मी लिहून देते तुमच्या अक्षरात, तुम्ही फक्त झोपा.

मी नाही म्हटलं. दोघांनाही.

मी आजवर पुष्कळ माफ्या मागितल्या आहेत. पोटात मूल आहे म्हणून मागितली. मूल झालं, दूध येतंय, सरावाला उशीर होतोय म्हणून मागितली. सासूबाईंची, नवऱ्याची, मनीच्या बाईंची, तुझी. तुझी तर रोज, मनातल्या मनात. त्या सगळ्या मला मान्य आहेत, परत मागेन. ही एक मागणार नाही. मुलीनं माझ्यासाठी उभं राहावं आणि मी लिहून द्यावं की ते चुकलं, हे मला जमणार नाही. ही माझी शेवटची स्पर्धा असेल कदाचित. असली तर अशीच असू दे.

तर आता सतरा तारखेला मी संघात नाही. मला गॅलरीचा पास दिला आहे, तिकडं बसा म्हणून. खेळायला लागल्यापासून मी सामना कधी वरून बघितलेला नाही.

म्हणून एक मागते. दोघांना घेऊन परत ये. मुलं माझ्याजवळ बसतील. रांगेत मी उभी राहीन, भोंगे लागले तर टोपी मी घालीन, बारक्याला लागली की त्या टोकाला मी नेईन, टिनचा दरवाजा मी धरीन. तू आमच्यापासून लांब बस, दुसऱ्या रांगेत, एकटी. हातात कुणाची पिशवी नाही, मांडीवर कुणी नाही. कुणी ताई म्हणून हाक मारली तर वळायचं नाही. पहिल्या शिट्टीपासून शेवटच्या शिट्टीपर्यंत पूर्ण सामना बघायचा. फक्त बघायचा.

तू म्हणशील, गणवेशांची घाई आहे. तू म्हणशील, मुलं तुझ्याशिवाय बसणार नाहीत, बारक्या तुझ्याकडेच येईल, मला नाकाची कुठली बाजू ते आठवायचं नाही. तू म्हणशील, माझं एकटीचं तिथं काय काम. मला सगळं माहीत आहे, तरी मागते आहे. एकटी बस, ताई.

खांब